सदर मुलगी आपली असल्याबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे. शिक्षण नववी उत्तीर्ण. दहावीबाबत परीक्षा मंडळाचे व माझे एकमत झाले नाही. धंदा अर्जलेखन. हल्ली मुक्काम मुरबाड, मूळ गाव धसईच्या अलीकडे.

गैरअर्जदार : कोणी नाही. शोधूनही सापडला नाही.

साक्षीदार : प्रथम, अर्जदाराची पत्नी. त्यानंतर मुलीचे वडील, राहणार सिद्धगडाच्या पायथ्याचा एक पाडा. सर्वांत शेवटी स्वतः मुलगी; तिची साक्ष शेवटी घ्यावी, कारण ती मध्येच हसते.

घटनेचा दिवस : मुलीच्या हळदीपूर्वीचा मुरबाडचा बाजार.

घटनेचे ठिकाण : आरंभी अर्जदाराचे टेबल, नंतर अर्जदाराचे घर.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. माझ्या धंद्यात पहिली ओळ नावाची असते आणि दुसरी नात्याची: अमक्याची पत्नी, तमक्याचा मुलगा, फलाण्याचा वारस. पहिली ओळ माणूस भराभर सांगतो. दुसरीपाशी थांबतो. पुरुष असेल तर टोपी सरळ करतो, बाई असेल तर पदर ओढून घेते, आणि मग सांगते. प्रस्तुत प्रकरण माझ्या स्वतःच्या दुसऱ्या ओळीचे आहे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत आणि लग्नाच्या मांडवात मी कोण, एवढाच प्रश्न आहे. तो कोणत्या कचेरीत दाखल करावा हे न कळल्यामुळे येथे लिहीत आहे.

माझे टेबल तहसील कचेरीच्या आवाराबाहेर चिंचेखाली आहे. आठवड्यातून काही दिवस मी शहापुरातही बसतो. मुरबाडला मला ‘भाऊसाहेब’ म्हणतात, शहापूरला ‘रायटर’, आणि कचेरीच्या आतले लोक नुसते ‘ओ’ म्हणतात. हल्ली अर्ज संगणकावर होतात. तरी हाताने लिहिलेला अर्ज साहेब स्वतः वाचतात असा लोकांचा विश्वास आहे, आणि तो मी मोडलेला नाही.

या धंद्यात दिवसभर ‘मी’ हा शब्द इतरांसाठी लिहावा लागतो. मी विधवा असून. मी भूमिहीन असून. मी पायाने अधू असून माझा मुलगा मला विचारीत नाही. समोरच्या बाईचा अंगठा कागदावर उमटेपर्यंत ती विधवा मीच असतो, आणि तिचा गळा भरून आला तर माझाही येतो. संध्याकाळी घरी गेल्यावर पत्नी पाण्याचा तांब्या पुढे करून विचारते, “आज काय काय झालात?” मी सांगतो, “सकाळी निराधार. दुपारनंतर सासू.” ती म्हणते, “सासूच्या अंगातून उतरा नि हातपाय धुवा.”

एक चूक मी कधी होऊ दिली नाही. ती आमच्याच मुलखात होते. आमच्याकडची माणसे बोलताना सगळ्याला ‘आपला’ म्हणतात: आपली गाय, आपला रस्ता, आपली पोर. तसेच ती अर्जात सांगतात. एका शेतकऱ्याने कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता: ‘साहेब, आपल्या जमिनीवर शेजाऱ्याने बांध सरकवला आहे.’ आतल्या कारकुनाने तो मोठ्याने वाचला आणि विचारले, “आपल्या म्हणजे? साहेबांची पण जमीन आहे का तिथं?” सगळी कचेरी हसली. तो शेतकरी बाहेर येऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. मी ‘आपल्या’ खोडून ‘आमच्या’ केले. ‘आमची’ म्हटले की समोरचा बाहेर राहतो, ‘आपली’ म्हटले की तो आत येतो. हा भेद मी तेव्हापासून शेकडो लोकांना समजावला आहे. याच भेदाने पुढे मला गाठले, म्हणून त्याची नोंद येथे केली.

त्या बाजारच्या दिवशी मुलीचे वडील करवंदांची पाटी विकून माझ्या टेबलाशी आले. उन्हाने काळवंडलेला, सडसडीत माणूस. बोलण्याआधी डोळ्यांनी हसतो.

“लिवा सदरभाऊ,” ते म्हणाले. “पत्रिका छापाया टाकायचीय. लगीन काय आता लांब नाय.”

‘सदरभाऊ’ या नावाचा खुलासा आवश्यक आहे. पूर्वी या गृहस्थांच्या वनजमिनीच्या दाव्याचा अर्ज मी लिहिला होता. जागा डोळ्यांनी पाहावी म्हणून मी पाड्यावर चढून गेलो आणि अंगणात जमलेल्या सर्वांना अर्ज वाचून दाखवला. सदर जमीन, सदर झाडे, सदर इसम, सदर ओहोळ. वाचन चांगले चालले होते. तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, “आरं पन ह्यो सदर कोन? समदी जागा त्याचीच कशी?” पाडा जो हसत सुटला तो थांबेना. त्या दिवसापासून तिथे मी सदर. माझी चप्पल दिसली तरी मुले ओरडतात, “सदर आला, सदर आला!” मी प्रथम रागावलो होतो. नंतर लक्षात आले की मुरबाडात आणि शहापुरात मला माझ्या धंद्याचे नाव आहे; माझ्यासाठी खास तयार केलेले नाव फक्त तिथे आहे.

त्याच अंगणात, वडिलांच्या पाठीमागून माझ्या कागदात डोकावून एक मुलगी पुढचा शब्द माझ्याआधी वाचत होती. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. मी म्हणालो, हिला पुढे शिकवा. वडील म्हणाले, “तुमच्याकडं ठेवा मंग.” ते इतक्या सहज म्हणाले की मी मान हलवून बसलो आणि उतरताना वाटेत मला घाम फुटला. आम्हा उभयतांना अपत्य नाही. हे वाक्य मी इतरांसाठी अनेकदा लिहिले आहे. स्वतःसाठी येथे प्रथमच लिहितो.

असो. पत्रिका. आमच्या भागातली पत्रिका म्हणजे लहानसे गावच असते. वर कुलदैवते, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग मुलगा-मुलगी, आणि खाली रकानेच रकाने: काका मंडळी, मामा मंडळी, मावसे, आते, व्यवस्थापक, प्रमुख उपस्थिती, आणि तळाशी पोराटोरांची ओळ, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ पत्रिकेत नाव चुकले तर माणूस जेवायला येत नाही, हे मी पाहिले आहे.

वडील तोंडाने सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यांनी आपल्या आज्याचे नाव सांगितले.

मी विचारले, “ते वारले ना?”

“वारला म्हनून काय झाला? त्यो येनार नाय का लग्नाला?”

मी ‘कैलासवासी’ लावून लिहिले. सगळे रकाने भरले. मग ते म्हणाले, “आता तुमचा. तुमचा नाव कंच्या घरात घालायचा?”

मी पेन उचलले आणि ते तसेच हातात राहिले. म्हणालो, “तुम्ही सांगाल तिथे.”

“मी काय सांगू? लिवनार तुमी. तुमालाच ठावं तुमी कोन त्ये.”

एवढे बोलून ते बिडी शोधू लागले, आणि मी रकाने पाहू लागलो. काका म्हणावे तर तिचे सख्खे काका हयात आहेत. मामांची जागा मामांची. त्यात दुसऱ्याने शिरू नये. ती माझ्या पत्नीला मावशी म्हणते, त्या हिशेबाने मी मावसा. परंतु मला ती ‘भाऊ’ म्हणते, कारण बाजारात सगळे म्हणतात. मावशीचा नवरा भाऊ, हे नाते कोणत्याही वंशावळीत बसत नाही. ‘पालक’ हा शब्द मी तिच्या शाळेत वर्षानुवर्षे सही करून वापरला. पण पत्रिकेत पालक लिहिले तर लोकांना वाटेल मुलीला आईबाप नाहीत. व्यवस्थापक म्हणजे मांडव आणि पाण्याचा टँकर पाहणारा. प्रमुख उपस्थितीत पुढाऱ्यांची नावे असतात. तालुक्यातला माझा मान पाहता तिथे माझे नाव शोभले असते, असे क्षणभर मनात आले. मग वाटले, जिच्या तापात रात्रभर कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, तिच्या लग्नात मी उपस्थिती?

त्या तापाच्या वेळीही हेच झाले होते. दवाखान्यातल्या बाईंनी विचारले, “तुम्ही पेशंटचे कोण?” आणि मी सवयीने म्हणालो, “अर्जदार.” पत्नीने मला बाजूला सारून सांगितले, “घरचे हाव आमी.” तिने एका शब्दात निकाल लावला. मला तो अजून लागत नव्हता.

याचे कारण असे की ज्या-ज्या उंबऱ्यावर मी जातो तिथे मी वेगळा होतो. माझ्या मूळ गावात मी धाकला. तिथे थोरल्या भावासमोर माझे शुद्ध बोलणे आपोआप गळून पडते आणि तोंडात ‘नाय’ आणि ‘जातंव’ येते, न आल्यास भाऊच म्हणतो, “जरा मानसासारखा बोल रे.” त्याच भावाने पाहुण्यांना मुलीची ओळख करून दिली होती: “आमच्या धाकल्याकडं शिकाया ठेवलेली.” वाक्यात काही खोटे नव्हते. तरी ‘ठेवलेली’ हा शब्द मला कित्येक दिवस टोचत राहिला, वस्तू ठेवतात त्यातला. उलट सुट्टीत तिला पाड्यावर पोहोचवायला गेलो की पाणवठ्यावरच्या बाया मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणत, “सदरची पोर आली गो.” ती थट्टा होती. मी न ऐकल्यासारखे करून पुढे जाई आणि उतरणभर तेच ऐकत येई.

मुलगीही अशीच अनेक झाली. माझ्याकडून तिने कचेरीची भाषा उचलली. पाचवीत गाईवर निबंध लिहायचा होता. तिने लिहिले, ‘सदर गाय आमच्या पाड्यावर राहणारी असून तिला चार पाय आहेत. सदर गाईविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही.’ गुरुजींनी मला बोलावून घेतले. मी म्हणालो, वाक्यरचना निर्दोष आहे. पत्नीकडून ती भातशेतीवाल्यांचे बोलणे शिकली, वडिलांशी पाड्याचे बोले. आता ती तानशाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. तिथे रुग्णांशी चौथेच बोलते, आणि रोज लोकलने कामाला जाणाऱ्या भावी नवऱ्याशी फोनवर पाचवे, ज्यात पास, फास्ट आणि टाइम यांच्यामध्ये अधूनमधून मराठी येते. एका संध्याकाळी ओट्यावर बसून तिचे लागोपाठचे फोन ऐकताना मला प्रश्न पडला होता, यातली ती कोणती? पत्नी म्हणाली, “जिचा चहा गार होतोय, ती.”

तर त्या दिवशी माझा रकाना रिकामाच राहिला. कागद घडी करून मी मुलीच्या वडिलांना घरी आणले, कारण पत्नीने सकाळीच बजावले होते की आज त्यांना न जेवता जाऊ द्यायचे नाही. इतक्या वर्षांत ते आमच्याकडे कधी जेवले नव्हते. दारात पाणी प्यायचे, ‘एस्टी चुकंल’ म्हणायचे आणि जायचे. मुलगी खरेदीसाठी रजेवर घरीच होती.

पाने मांडली. भात, सुकटीचे कालवण, चवळीची भाजी. घरात पाहुण्याला भात मी वाढतो. ही माझी पद्धत आहे. मी वडिलांच्या ताटात वाढू लागताच त्यांनी पानावर हात आडवा धरला. मी लगेच थांबलो. समोरच्याच्या नकाराचा मान ठेवणे हा माझा स्वभाव आहे.

आतून मुलगी म्हणाली, “अहो भाऊ, थांबलात काय? बासला वाढा ना. लाजतोय त्यो.”

मी म्हणालो, “बास म्हणताहेत तर आग्रह कशाला?”

“ते कुठं म्हनले? मी म्हनते. बासला वाढा.”

शब्दाला ‘ला’ लागलेला होता. पुरे झाले या अर्थाच्या ‘बास’ला ‘ला’ लागत नाही, एवढे व्याकरण नववीपर्यंत होते. मी विचारले, “बास म्हणजे कोण?”

“म्हंजे मी की,” वडील म्हणाले. “बापूस. आमचे पाड्यावं बाहास म्हंतात. घाईत बोलला का बास.”

मुलगी आमच्याशी बोलताना त्यांचा उल्लेख ‘बाबा’ असा करी, आणि त्यांना हाक मारताना ‘बा’. तो घरातला शब्द तिने पाड्यावर ठेवून दिला होता. आज बाप आमच्या चुलीपाशी जेवायला बसला म्हणून तो तिच्या तोंडून निसटला.

माझ्या आधी पत्नीला उमगले. ती पळी हातात धरून म्हणाली, “अगो बाय! मंग पयल्या दिवशी…”

पहिल्या दिवसाची हकीगत अशी. वडील तिला दारात सोडून, पाणी पिऊन निघून गेले होते. मुलगी पानावर बसली. स्वागत म्हणून भात मी वाढायला घेतला. पहिली मूद पडते न पडते तोच तिने दाराकडे पाहिले आणि म्हणाली, “बास?” मी तत्काळ थांबलो. दुसऱ्या दिवशीही तसेच, आणि नंतरही. एवढ्याशा मुलीला केवढी मर्यादा, हे मी कित्येक दिवस टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो. पत्नी मात्र थोड्या वेळाने तिला आत नेऊन भाकरी द्यायची आणि मला म्हणायची, “पोर चांगली खाते हो. तुमच्यासमोरच कशी बुजते कोन जाणे.”

ती मर्यादा नव्हती. बाप जेवला का, एवढेच ती विचारीत होती.

हे ऐकल्यावर मुलीच्या वडिलांचा घास हातातच राहिला. मग ते खाली मान घालून म्हणाले, “त्या दिशी एस्टीचा टाइम नव्हताच. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पान्याची टाकी हाय ना, तिथं बसलो व्हतो. म्हनला, पोर रडली तर घेऊन जावा.”

“मग?” पत्नीने विचारले.

“रडली नाय. मंग ग्येलो.”

मी भाताचे भांडे उचलले आणि त्यांच्या ताटात वाढत राहिलो. त्यांनी हात आडवा धरला नाही. शेवटी तेच म्हणाले, “आवं, आता खरंच बास!” आणि मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

जेवणे झाल्यावर ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि विचारले, “सदर ‘बास’ शब्दाचा वापर त्या पहिल्या दिवसानंतरही चालू होता. त्याचे कारण काय?”

“उलटतपासणी चालू केलीत का?”

“केली.”

ती राख लावलेले ताट हातात फिरवत म्हणाली, “दोन-चार दिवस मी बासचंच विचारायची. मंग माझ्या ध्यानात आलं, मी बास म्हनलं का तुमी थांबता. पाड्यावं माझं कोन आयकत होतं, भाऊ? आजा बोलायचा, काका बोलायचे, मास्तर बोलायचे. आनि ह्यो एवढा मोठा मानूस, साहेबलोकांना कागद लिवनारा, माझ्या एका शब्दावं भांडा घेऊन उभा! मला लय भारी वाटायचं. म्हनून रोज म्हनायची.”

“आणि भूक?”

“मावशी भाकर द्यायची की.”

चिंचेखाली माझ्याशी असे मोकळे कोणी बोलत नाही. मग विचारले, “आणि आजतागायत म्हणतेस तो?”

“कंचा?”

“तोच शब्द. काल रात्री भात घेताना म्हणालीस. परवाही म्हणालीस. तो पुरे झाले म्हणून, की मला उद्देशून…”

तिने ताटावर पाणी ओतले. पाणी वाहून गेल्यावर म्हणाली, “अर्जवाले तुमी. अर्थ तुमीच लावा.” आणि भांड्यांची पाटी कमरेवर घेऊन आत गेली. तिच्या पाठीवरून ती हसते आहे की नाही हे कळत नव्हते.

ओट्यावर वडील वाट पाहत होते. म्हणाले, “मजकूर वाचून दावा.”

मी वाचले: “आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या…”

“थांबा,” ते म्हणाले. “आमची? कुनाकुनाची?”

“तुमची आणि तुमच्या पत्नीची.”

“मंग तुमी दोघा?”

मी त्यांना भेद समजावला, जसा शेकडो लोकांना समजावला होता. पत्रिका मुलीच्या आईवडिलांकडून जाते. ‘आमची’ हा तिथला रीतसर शब्द.

“त्यो शब्द आपल्याला नको. ‘आपली’ लिवा.”

“तसे लिहिता येत नाही. ‘आपली’ लिहिले की वाचणाऱ्याचीही होते. पत्रिका गावोगाव जाणार. ज्याच्या हातात पडेल त्याची मुलगी होईल ती.”

“मंग काय बिघाडला?” त्यांनी मला विचारले, आणि खरोखर उत्तराची वाट पाहिली. “जेवाया त्योच येनार ना?”

मी कागद गुडघ्यावर घेतला. ज्या शब्दावरून तो शेतकरी कचेरीत मान खाली घालून उभा राहिला होता, तोच शब्द मला स्वतःच्या हाताने, रीतसर शब्द खोडून, तिथे लिहायचा होता. मी ‘आमची’ खोडले. ‘आपली ज्येष्ठ कन्या’ लिहिले. ते मी पुन्हा गिरवले.

वडिलांना वाचता येत नाही; तरी त्यांनी त्या ठिकाणी बोट ठेवून पाहिले. मग विचारले, “आनि तुमचा नाव? घर रिकामाच राहिला.”

मी म्हणालो, “ते यात आले.”

ते गेल्यावर मी मजकूर मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याला फोनवरून पाठवला, कारण छपाईचे तो पाहणार होता. त्याचा लगेच फोन आला. मागे गाडीची घोषणा चालू होती.

“काका, टाइम नाय, फास्ट येतेय. पन एक मिस्टेक हाय. ‘आपली कन्या’ झालंय. ‘आमची’ पायजे ना?”

“मिस्टेक नाही. तसेच छापा.”

“पन काका, मंग ती माझी पन कन्या होईल ना!”

हा आक्षेप माझ्या ध्यानात आला नव्हता. व्याकरणदृष्ट्या मुलाचे बरोबर होते. मी विचार करून म्हणालो, “तुमच्यापुरते ते वाक्य लागू नाही, असे समजावे.” तो हसला आणि गाडी आली असावी, कारण फोन बंद झाला. पत्रिका तशीच छापून आली आहे. माझ्या थोरल्या भावाने ती वाचून मला फोन केला, “धाकल्या, तुज्यासारख्याच्या हातून चूक?” मी म्हणालो, “दादा, पोर आपली हाय.” तो जरा थांबून म्हणाला, “ता तर हाय रे,” आणि हळदीला किती वाजता निघायचे ते विचारले. ‘ठेवलेली’ हा शब्द त्याने वापरला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

येथे प्रकरण संपले असते. परंतु एक मुद्दा शिल्लक आहे. पाड्यावर हळदीच्या दिवशी गाणी म्हणणारी एक म्हातारी असते. सदर कोण असे विचारणारी तीच. ती गाण्यातून एकेकाला हळद लावायला बोलावते आणि नावाने नव्हे, नात्याने बोलावते. तिथे रकाना रिकामा सोडता येत नाही, खोडता येत नाही, आणि ‘आपली’ लिहून सर्वांना आत घेता येत नाही. त्या गाण्यात एक जण उठतो आणि बाकीचे बसून पाहतात. माझी बसून पाहण्याची तयारी आहे. त्या टाकीपाशी जो बसला होता, त्याच्या आधी उठण्याचा माझा कोणताही दावा नाही, हे मी कोणाच्याही दबावाखाली न येता, शुद्धीवर राहून लिहून देतो. तरीही ज्या शब्दावर मी इतकी वर्षे हातातले भांडे थांबवले, तो कानावर पडल्यावर पाय आपोआप हलतील अशी भीती आहे.

सबब, मुलीस नम्र विनंती की, हळदीच्या दिवशी म्हातारी गाण्यातून ‘नवरीच्या बासला बोलवा’ असा पुकारा करील तेव्हा अर्जदाराने जागेवर बसून राहावे, की वडिलांमागोमाग उठावे, की अर्धवट उठून पुन्हा बसावे व धोतराचा सोगा सावरीत असल्याचे भासवावे, याचा खुलासा हळदीपूर्वी करावा. खुलासा लेखी असण्याची गरज नाही. रात्रीच्या जेवणात, अर्जदार भात वाढत असताना, नेहमीचा तो एक शब्द उच्चारला तरी उत्तर म्हणून स्वीकारला जाईल. मात्र या वेळी अर्जदार वाढायचे थांबणार नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला,
सदर